संदुकीतली सात पदके: शौर्याचे कोणते आणि ते ओळखायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जुने धाब्याचे घर उतरवताना संदुकीतून सात पदके निघाली. आजोबा, म्हणजे आबाजी, तोफखान्यात मेजर होते आणि १९६५ व १९७१ या दोन्ही लढायांत होते, एवढेच घरच्यांना माहीत आहे. पदके काळी पडली आहेत. १९६५ च्या पदकांवरचा नंबर 'ईसी'ने सुरू होतो आणि १९७१ च्या पदकांवरचा 'आयसी'ने, त्यामुळे दोन वेगळ्या माणसांची पदके तर नाहीत, अशी शंका आहे. नातीला विचारायचे आहे की यात शौर्यपदक कोणते, ती साफ कशी करायची, आजीला काही मिळते का आणि १५ ऑगस्टला ती लावून उभे राहता येईल का.

ताई, आधी एक करा. पदके जशी निघाली तशी राहू द्या. चिंच नको, राख नको, पितळेची भांडी घासायची पावडर नको, टूथपेस्टही नको. सोनाराकडे तर मुळीच नेऊ नका, कारण तो पहिल्यांदा कसोटीच्या दगडावर कडा घासून कस बघतो, आणि तुम्हाला जी अक्षरे वाचायची आहेत ती बहुतेक त्याच कडेवर असतात. आधी वाचायचे, मग ठरवायचे, आणि घासायचे तर कधीच नाही.

वाचण्यासाठी खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च पदकाच्या पातळीत, अगदी आडवा धरा. उजेड आडवा पडला की काळ्या थराखालची ठसेअक्षरे सावलीने उठून दिसतात. पदक हळूहळू फिरवत कडेचे आठ-दहा फोटो काढा. ताऱ्याच्या आकाराच्या पदकाला अशी कड नसते, त्याची पाठ पाहा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि शेवटी रेजिमेंटचे छोटे रूप असते. तोफखान्यासाठी ते 'आर्टी' असे इंग्रजी अक्षरांत असते. हीच ओळ तुमच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली आहे.

नंबरांचा घोळ खरे तर घोळच नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला अधिकारी तातडीने हवे होते, तेव्हा इमर्जन्सी कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून तातडीची नेमणूक, देऊन हजारो तरुण घेतले गेले. त्यांचा नंबर 'ईसी'. त्यातल्या ज्यांना पुढे कायम कमिशन मिळाले त्यांना 'आयसी' नंबर लागला. १९६५ चे पदक ईसी नंबराने आणि १९७१ चे आयसी नंबराने कोरलेले असणे हे उलट खरेपणाचे लक्षण आहे, कारण नकली संच करणारा माणूस सगळीकडे एकच नंबर मारतो. 'एसएस' असेल तर शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांचे कमिशन. 'जेसी' असेल तर ते जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार किंवा सुभेदार मेजर. गावात सुभेदारालाही 'मोठे ऑफिसर' म्हणतात. त्यात चूक काही नाही, पण कागद शोधायची जागा त्यावरून बदलते, हे पुढे येईल.

आता सात पदके. तुमच्या वर्णनावरून दोन ताऱ्याच्या आकाराची आणि पाच गोल आहेत. घरोघरी होणारी चूक इथेच होते. तारा दिसला की लोक त्याला शौर्याचे 'चक्र' समजतात, कारण तो सगळ्यांत ऐटबाज दिसतो. प्रत्यक्षात समर सेवा स्टार १९६५ आणि १९७१ चे पूर्वी स्टार व पश्चिमी स्टार ही मोहिमेची पदके आहेत. ठरलेल्या रणक्षेत्रात सेवा केली म्हणून ती मिळाली, आणि तशी ती हजारोंना मिळाली. पाच टोकांचा, तांबूस धातूचा तारा आणि मध्ये राजमुद्रा, अशी त्यांची घडण. रक्षा मेडल १९६५ आणि संग्राम मेडल ही त्याच दोन युद्धांची गोल, पांढऱ्या धातूची पदके. ती रणक्षेत्राबाहेर असलेल्यांनाही मिळाली. सैन्य सेवा मेडल हे अवघड भागातल्या सेवेचे, फितीवर त्या भागाची पट्टी असते. आणि १९७२ चे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक तेव्हा नोकरीत असलेल्या सगळ्यांनाच मिळाले. या शेवटच्याची आणखी एक गंमत अशी की स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रे त्याच वर्षी दिली गेली, त्यामुळे कित्येक घरांत या पदकालाच 'ताम्रपट' म्हणतात आणि सैनिक आजोबा नकळत स्वातंत्र्यसैनिक होऊन बसतात.

ही सहा बाजूला काढली की एक उरते. गोल, चांदीचे, साधारण ३५ मिलिमीटर व्यासाचे, त्यावर पाच टोकांची चांदणी, चांदणीच्या मधोमध चक्र आणि त्यात सोन्याचा मुलामा दिलेली राजमुद्रा. फीत अर्धी गडद निळी, अर्धी भगवी. वर्णन बरोबर असेल तर ते वीर चक्र आहे. पाठीवर हिंदीत आणि इंग्रजीत 'वीर चक्र' लिहिलेले असते, खात्री तिथे करा. चांदणी तशीच पण मध्ये चक्र नाही आणि फीत अर्धी पांढरी, अर्धी भगवी असेल तर ते महावीर चक्र, एक पायरी वरचे. परमवीर चक्र कांस्याचे असते, त्यावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती, फीत साधी जांभळी. ते तुमच्या संदुकीत निघणार नाही, हे न बघताच सांगता येते. आजवर २१ परमवीर चक्रे दिली गेली, त्यात पायदळ आहे, रणगाडा दळ आहे, इंजिनिअर आहेत, एक वायुदलातलेही आहेत, पण तोफखान्याचा एकही नाही. तोफखान्यातल्या माणसाच्या नावापुढे गावच्या कमानीवर 'परमवीर' रंगवलेले दिसले तर ती कमान चुकलेली आहे.

तिन्ही चक्रे २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. म्हणून १९४७-४८ च्या काश्मीर लढाईची वीर चक्रेही सापडतात. शत्रूसमोरचे शौर्य असेल तर हीच माळ. लढाईबाहेरच्या शौर्याला अशोक चक्राची माळ आहे. ती १९५२ पासूनची, आणि १९६७ पर्यंत तिचे वर्ग १, २, ३ असे होते, नंतर अशोक, कीर्ती, शौर्य अशी नावे झाली. त्या फिती हिरव्या, त्यांवर अनुक्रमे १, २, ३ भगव्या रेघा. रेघा मोजल्या की झाले.

सेना मेडल मात्र फसवते. ते १९६० पासूनचे आहे, चांदीचे, त्यावर संगीन, फीत लाल आणि मधोमध पांढरी रेघ. ते शौर्यासाठीही मिळते आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही, आणि दोन्ही पदके दिसायला एकच. पदक हातात घेऊन कोणीही, अगदी निवृत्त कर्नलसाहेबही, ते कशासाठी मिळाले हे सांगू शकणार नाहीत. मानपत्र (गौरवाचे अधिकृत वर्णन) किंवा राजपत्र (सरकारी गॅझेट) पाहावे लागते. घरात जुना फोटो असेल तर तोही थोडा इशारा देतो: चक्रे राष्ट्रपतींच्या हस्ते दिली जातात, सेना मेडल सहसा सेनाप्रमुख किंवा आर्मी कमांडर यांच्या हस्ते.

आणखी एक बारीक वस्तू. पश्चिमी स्टारच्या किंवा समर सेवा स्टारच्या फितीवर कमळाच्या पानाचे छोटे धातूचे चिन्ह टोचलेले आहे का, बघा. असेल तर तो 'मेन्शन इन डिस्पॅचेस', म्हणजे युद्धवृत्तात नावाने केलेला गौरव. याला वेगळे पदक नसते, म्हणून घरच्यांना तो माहीतच नसतो आणि फीत बदलताना टेलरकडे ते पान हरवते. दुसऱ्या महायुद्धाच्या संचात वॉर मेडलच्या फितीवर हेच काम ओकच्या पानाचे चिन्ह करते.

महायुद्धाचा विषय निघालाच आहे, कारण विदर्भात तेव्हाचीही पदके बऱ्याच घरांत आहेत. पांढरी फीत, मध्ये जांभळा पट्टा आणि चांदीचा क्रॉस असेल तर मिलिटरी क्रॉस. तो अधिकाऱ्यांना आणि जमादार-सुभेदारांनाही मिळे. त्याच्या वरचे डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर), लाल फितीला निळ्या कडा. पुढे सेनाप्रमुख झालेले जनरल कुमारमंगलम मूळचे तोफखान्याचेच, आणि त्यांना उत्तर आफ्रिकेतल्या लढाईसाठी डीएसओ मिळाले होते. आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) असेल तर माणूस कमिशन्ड अधिकारी नव्हता, ते पदक जवानांचे आणि जमादार-सुभेदारांचे. भारतीय तोफखान्याचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, हवालदार उमरावसिंग यांचा, डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातले कलादान खोरे. जपानी अंगावर चालून आले तेव्हा त्यांनी तोफेचा लोखंडी दांडाच हत्यार म्हणून वापरला. 'रॉयल' हा शब्द कडेवरच्या रेजिमेंटच्या नावात असेल तर कोरणी १९४५ नंतरची धरा, कारण ती पदवी तेव्हा मिळाली.

आता कागद. वीर चक्र आहे असे पदक सांगते, पण सरकारदरबारी पदक पुरावा नाही, राजपत्र पुरावा आहे. याला कारण आहे. अधिकारी मूळ पदक जपून ठेवत आणि रोजच्या परेडला मिलिटरी टेलरने केलेली प्रत लावत. संदुकीत निघते ते कधी मूळ असते, कधी प्रत. प्रत वजनाला हलकी, अक्षरांच्या कडा बोथट, आणि राजमुद्रेचा मुलामा एकसारखा पिवळा, नाव नाही. पण कडेवर नाव नाही म्हणून लगेच नकलीचा शिक्का मारू नका.

भारताच्या राजपत्रात भाग १, खंड १ मध्ये राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचना येतात, नंबराला 'प्रेज' ('प्रेसिडेंट'चे छोटे रूप) आणि वर्ष जोडलेले असते. १९७१ च्या युद्धाचे सन्मान १९७२ मध्ये एका नव्हे, बऱ्याच अधिसूचनांत छापले गेले, त्यामुळे एका अंकात नाव नाही म्हणून थांबू नका. मजकुराची रीत ठरलेली: नाव, कंसात नंबर, रेजिमेंट, मग 'सन्मान लागू होण्याची तारीख', आणि खाली पराक्रमाचे वर्णन. ही तारीख म्हणजे लढाईचा दिवस, छापल्याचा नव्हे. कमानीवर किंवा फलकावर घालायची तर हीच घाला.

शोधताना नावाने शोधू नका, नंबराने शोधा. आपल्याकडची आडनावे इंग्रजीत तीन-तीन तऱ्हेने लिहिली गेली आहेत. वानखडे, वानखेडे, ठाकरे, ठाकरेचे मधले 'ए' असलेले आणि नसलेले रूप, गावंडेच्या शेवटी कधी 'ए' कधी 'आय'. सातबाऱ्यावरचे नाव आणि सैन्यातले नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र लागते, ते आधीच करून ठेवा. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर मानपत्रे आहेत, सुरुवात तिथून करा, पण वर्णन संक्षिप्त वाटले तर राजपत्राची स्कॅन प्रत काढा. जुनी स्कॅन पाने शोधखिडकीत सापडत नाहीत. वर्ष निवडून पाने चाळावी लागतात, दुसरा उपाय नाही.

तोफखान्याच्या अधिकाऱ्याचे मानपत्र वाचताना एक ध्यानात ठेवा, नाहीतर गोंधळ होतो. त्यात कदाचित तोफेचा उल्लेख फार कमी असेल आणि एखाद्या शीख, जाट किंवा मराठा पलटणीचाच जास्त. नाव चुकले की काय, असे वाटते. चुकलेले नसते. तोफा मागे काही किलोमीटरवर असतात, त्यांना लक्ष्य दिसत नाही. तरुण अधिकारी, कॅप्टन किंवा मेजर, रेडिओ ऑपरेटर बरोबर घेऊन पायदळाच्या पहिल्या कंपनीबरोबर चालतो, उंचवट्यावर निरीक्षण चौकी मांडतो आणि पहिला गोळा कुठे पडला ते पाहून 'डावीकडे इतके, पुढे इतके' असे सांगत मारा लक्ष्यावर आणतो. याला ओपी (ऑब्झर्व्हेशन पोस्ट) ऑफिसर म्हणतात. शत्रूलाही हे ठाऊक असते, म्हणून ॲन्टेना दिसला की पहिला मारा त्याच्यावर. शत्रू खंदकात घुसला तर स्वतःच्याच ठिकाणावर तोफा मागवाव्या लागतात. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांचे शौर्य म्हणून बहुधा दुसऱ्याच पलटणीच्या खंदकात लिहिले जाते. कारगिलमध्ये तोफखान्याच्या १५८ मिडियम रेजिमेंटच्या कॅप्टन जेरी प्रेमराज यांना मरणोत्तर वीर चक्र मिळाले, तेही असे पायदळाबरोबर पुढे गेलेले निरीक्षण अधिकारीच होते. तेव्हा मानपत्रात जिचे नाव आहे त्या पलटणीचा युद्धेतिहासही वाचा. आबाजींचा प्रसंग तिथे जास्त खुलून सापडेल. फोटोत छातीवर वैमानिकाचे पंख दिसले तरी बुचकळ्यात पडू नका: १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन वेगळी होईपर्यंत निरीक्षणाची छोटी विमाने तोफखान्याचेच अधिकारी उडवत. (भद्रावतीला तोफगोळे तयार होतात, पुलगावला दारूगोळ्याचे कोठार आहे, आणि तरी निरीक्षण अधिकाऱ्याच्या कामाचे नाव आपल्याकडे कुणाला सांगता येत नाही.)

सेवापत्रक हवे असेल तर जागा नीट निवडा. जवान आणि जेसीओंचे दप्तर नाशिक रोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्समध्ये असते. अधिकाऱ्यांचे तिथे नसते, ते दिल्लीला सेना मुख्यालयात, ॲडज्युटंट जनरल शाखेकडे. मेजरसाठी नाशिकला अर्ज केला तर तो परत येतो आणि दोन महिने वाया जातात. शौर्यपदक हरवल्याची, दुसरी प्रत मागण्याची कामे त्याच शाखेच्या सेरेमोनियल अँड वेल्फेअर विभागाकडे. हरवल्याची पोलीस नोंद आणि प्रतिज्ञापत्र सोबत लावा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारा, केंद्राची फी १० रुपये. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करा आणि प्रश्न एकच ठेवा: या नंबराच्या अधिकाऱ्याला मिळालेल्या सर्व पदकांची यादी. पाच प्रश्न एकत्र विचारले की त्यातल्या एकाच्या अडचणीपायी पाचही अडकतात.

आजींचे सांगतो. वीर चक्राला दरमहा भत्ता आहे, १ ऑगस्ट २०१७ पासूनचा दर ७,००० रुपये. परमवीरला २०,०००, महावीरला १०,०००, शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० असे ते दर होते. विजेत्याच्या मागे तो पत्नीला मिळतो. मुला-नातवंडांना मिळत नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आजींचा पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) काढा, त्यात शौर्य भत्त्याची नोंद आहे का ते पाहा आणि 'स्पर्श' या संरक्षण दलांच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतल्या तपशिलाशी ताडून घ्या. भत्ता राहून जातो तो बहुतेक इथेच: कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले, पण भत्ता नवऱ्याच्या नावावरून पत्नीच्या नावावर आलाच नाही. नोंद नसेल तर राजपत्राची प्रत, पीपीओ, मृत्यू दाखला आणि बँक पासबुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. राज्याच्या सवलतींची चौकशीही तिथेच होते. वीर चक्रधारकाच्या पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाला आयकर लागत नाही, १९६१ च्या कायद्यात त्याचे कलम १०(१८) होते. बँकेने कर कापला असेल तर ते दाखवून सांगा.

आता जपणूक. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने. लोकर, रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद ते काम जोरात करतात, आणि नेमके याच तिन्हींत पदके गुंडाळलेली असतात. काळा थर चांदीला खात नाही, तो राहू दिला तरी चालतो. घासले तर मात्र राजमुद्रेवरचा मुलामा जातो, तो परत येत नाही. इंटरनेटवरचा ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचा उपाय एकसंध चांदीच्या ताटलीला ठीक आहे, मुलामा असलेल्या पदकाला नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, झाले. तांबूस ताऱ्यावर हिरवी पूड दिसली तर तेवढीच लाकडी काडीने अलगद काढा, तेल लावू नका.

डांबरगोळ्या त्याच डब्यात नकोत. धुतलेल्या, स्टार्च नसलेल्या पांढऱ्या मलमलीत प्रत्येक पदक वेगळे गुंडाळा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि डबा मातीच्या भिंतीला न टेकता आलमारीत मधल्या खणात ठेवा. आपल्याकडे उन्हाळा ४५ अंशांवर गेला तरी कोरडा असतो, पदकांना त्रास होतो तो मृग लागल्यापासून दिवाळीपर्यंत. पावसाळ्यात डबा उघडू नका. दिवाळीनंतर कोरड्या दिवशी उघडा, पुड्या बदला. कागदांना वाळवी आणि कसर दोन्ही लागतात, म्हणून मानपत्र पदकाच्या डब्यात न ठेवता वेगळे, आणि आधी स्कॅन करून. देवघरात पदके ठेवायची रीत मायेची आहे, पण दिव्याची काजळी आणि उदबत्तीचा चिकट धूर बसतो, दसऱ्याला हळदकुंकू लागते आणि फीत कायमची डागाळते. पूजा करायची तर फोटोची करा.

फीत धुऊ नका, रंग एकमेकांत उतरतात. फारच विरली असेल तर कामठीसारख्या छावणीच्या गावातल्या मिलिटरी टेलरकडून नवी लावून घ्या, जुनी पाकिटात जपा. वीर चक्राच्या फितीत भगवा रंग घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडे येतो, निळा मधल्या बटणांकडे. टेलरकडून हे बऱ्याचदा उलटे होते, समोर उभे राहून करून घ्या. क्रम असा: वीर चक्र, समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, रक्षा मेडल, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, पंचविसाव्या वर्षाचे. वीर चक्र पाहणाऱ्याच्या डावीकडे पहिले. प्रत्येक फीत ३२ मिलिमीटर रुंद, म्हणजे सात शेजारी शेजारी लावली तर २२४ मिलिमीटर, एवढी छाती कुणाची नसते. १६० मिलिमीटरच्या पट्टीवर बसवायची तर प्रत्येक फीत पुढच्या फितीवर साधारण ११ मिलिमीटर चढवायची आणि वीर चक्राची फीत पूर्ण दिसू द्यायची. फ्रेम करणार असाल तर फेव्हिकॉल किंवा गरम गोंद नको, फितीतून दोऱ्याने टाके घालून कापडावर बसवा, आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर नको.

१५ ऑगस्टचे. दिवंगत सैनिकाच्या जवळच्या नातलगांनी श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात पदके छातीच्या उजव्या बाजूला लावायची रीत लष्कराने मान्य केली आहे. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची. ग्रामपंचायतीसमोर हुतात्मा स्मारकाला अभिवादन असेल तर ती उजव्या बाजूला लावून उभी राहा. मूळ वीर चक्र मात्र घरीच ठेवा. त्या दिवसासाठी टेलरकडून प्रत करून घेतलेली बरी, कारण गर्दीत ब्रोचची पिन सुटते आणि फीत तेवढी हातात राहते.